अजून लावली नाही

थोरलीचा उजवा तळहात कारखान्यात नावाजलेला होता. विणून आलेलं कापड तपासणीच्या टेबलावर पसरलं की ती खुशाल भलतीकडे बघत गप्पा मारायची आणि हात आपला कापडावरून फिरत राहायचा. कुठे धागा सुटला, कुठे वीण दाटली, की हात थांबायचा. तोंड मात्र थांबायचं नाही. सुपरवायझर म्हणायचा, "बाईंचे डोळे सुट्टीवर गेले तरी चालतील, हात जाता कामा नये."

नेमका हातच गेला. म्हणजे आहे जागेवर, पण छातीच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या आणि त्यानंतर कोपरापासून बोटांपर्यंत जी सूज आली ती काही हटेना. दिवसभर घट्ट बाही, झोपताना पट्ट्या. औषधांनी बोटांची टोकं, उजव्या हाताची जास्तच, अशी बधिर केली होती की चहाचा कप गरम आहे हे ओठांना कळायचं, बोटांना नाही.

कॅन्सर मात्र गेला. तपासण्या स्वच्छ आल्या. नातेवाइकांचे फोन आले, "जिंकलीस हो!" थोरली प्रत्येकाला "हो ना" म्हणाली आणि फोन ठेवून टॉवेलच्या घड्या घालायला लागली. आनंद व्हायला हवा होता हे तिला समजत होतं. तो झाला नाही. दुःखही झालं नाही. कारखान्याने तिला गठ्ठ्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं, त्याचंही काही वाटलं नाही.

वाटायचं ते सगळं धाकटीला. धाकटी त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. लग्नाच्या भानगडीत न पडता दोघी बहिणींनी एकत्र बिऱ्हाड थाटलं होतं आणि ते पुष्कळ लग्नांपेक्षा बरं चाललं होतं. धाकटीच्या पायाला भिंगरी. ज्या इस्पितळात ऑपरेशन झालं, तिथेच व्यायाम शिकवतात त्या खोलीशेजारी ॲक्युपंक्चर करणाऱ्या बाई बसतात, हे तिनेच शोधून काढलं. थोरलीने त्यांचं नाव सुईबाई ठेवलं.

सुईबाईंनी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं. "सूज उतरेलच असं मी म्हणत नाही. बाही, पट्ट्या, व्यायाम, काही सोडायचं नाही. याने कुणाला जडपणा कमी वाटतो, कुणाला झोप लागते. आणि सुजलेल्या हाताला मी सुई लावणार नाही." धाकटीने यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

सुया डाव्या हाताला, गुडघ्याखाली, पावलांवर लागायच्या. सुई लावली की बाई ती बोटांत हलकेच फिरवायच्या आणि विचारायच्या, "काही जाणवतंय? ओढ, जडपणा, मुंग्या?"

पहिल्या वेळी थोरलीला काहीच जाणवलं नाही. ती तसं सांगणारही होती. पण पलंगाशेजारी स्टुलावर धाकटी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, मान पुढे काढून, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी. थोरली म्हणाली, "हो. मुंग्या आल्या."

धाकटीचा चेहरा असा खुलला की विचारता सोय नाही. मग पुढचं सोपं झालं. आज मुंग्या, उद्या ओढ, परवा जडपणा. एकच उत्तर दोनदा लागोपाठ येणार नाही याची थोरली काळजी घ्यायची. खोटं बोलतानाही तपासणीची शिस्त सुटली नव्हती.

हा लबाडपणा झाला, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. बऱ्या होत असलेल्या माणसाकडे घरचे लोक ज्या डोळ्यांनी बघतात, ते डोळे ज्याने सोसले नाहीत त्याने यात तोंड घालू नये. भूक लागली? हो. झोप झाली? हो. आमटी आवडली? हो.

पण 'हो'ला पाय फुटतात. धाकटी परस्पर सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, "ताईच्या हाताला कळायला लागलंय. माझा शब्द." तो खूश झाला. सोमवारपासून बाईंचं टेबल बाईंना परत.

"वा," थोरली म्हणाली. सोमवारी आपल्या हाताखालून चांगलं आणि वाईट कापड सारखंच निघून जाणार, खराब गठ्ठे परत येणार आणि खापर धाकटीच्या शब्दावर फुटणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. घाबरायला हवं होतं. तेही जमलं नाही.

सोमवारच्या आधी एकदा सुया होत्या. थोरली डोळे मिटून पडली. गुडघ्याखाली कापसाचा बोळा फिरला. धाकटी स्टुलावर होतीच. थोरलीने नेहमीइतका वेळ जाऊ दिला आणि म्हणाली, "हो. आल्या मुंग्या. चांगल्या पोटरीपर्यंत."

थोरलीने डोळे उघडले. सुईबाई ट्रेपाशी उभ्या होत्या, हातात सुईचं न फोडलेलं पाकीट.

"अजून लावली नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीने पर्सची चेन उघडली, लावली. "मागच्या वेळी?"

"नाही गं."

"त्याच्या आधी?"

"कधीच नाही."

"आणि घरी? माझी आमटी?"

"चव लागत नाही मला. कशाचीच."

"मग हो कशाला म्हणायचं, ताई?"

"तू विचारतेस म्हणून."

सुईबाई रागावल्या नाहीत. "जाणवत नाही हेही मला कळायला हवं असतं," त्या म्हणाल्या. "त्यावरच सुई जरा हलवायची की काढायची ते ठरतं. पुन्हा विचारू?" त्यांनी पाकीट फोडलं. इथे? नाही. इथे? नाही. आणि इथे? नाही. धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

घरी जाताना धाकटी पुढे चालत राहिली. राग डोक्यात गेला होता. पण थोरलीने हात पुढे केला तेव्हा आपल्या हातातली पिशवी काही तिने त्या सुजल्या हाताला धरू दिली नाही.

सोमवारी थोरली स्वतः सुपरवायझरपुढे उभी राहिली. "माझ्या हाताला कळत नाही. धाकटीचा दोष नाही, मीच तिला खोटं सांगितलं. टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

त्याने तिच्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. "आणि डावा?"

"डाव्याला काही येत नाही."

"बघा, येतं का," तो म्हणाला आणि टेबलावर दुसरी बाई बसवली.

धाकटीने बरेच दिवस कामापुरतंच तोंड उघडलं. मग एका संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली. "बस. डोळे मीट. डावा हात."

थोरली बसली. धाकटीने चादरीखाली धागा सरकवला. "आहे?"

थोरलीने हात फिरवला. "नाही."

"होता. परत." धाकटीचा आवाज कोरडा होता, सुपरवायझरचा बरा. "आहे?"

"नाही."

"होता. आहे?"

"हा. इथे."

"बरोबर."

असं चाललं. चुका जास्त. मग धाकटीने पुन्हा विचारलं, आणि या वेळी आवाज बदलला होता. तो स्टुलावरचा आवाज होता, मान पुढे काढलेला. "आहे ना, ताई?"

थोरलीने हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. काही लागलं नाही. हो अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. म्हणून टाकलं असतं तर घरातलं सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

तिने पुन्हा हात फिरवला. "नाही गं. मला काही लागत नाही."

चादर उचलल्याचा आवाज आला. थोरलीने डोळे उघडले. खाली नुसतं टेबल होतं. धागा धाकटीच्या मुठीत होता.

धाकटी रडत होती, अगदी मुसमुसून. थोरलीने वाट पाहिली, आपल्यालाही येईल म्हणून.

"मला रडू येत नाहीये," ती म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली. तिने नाक पुसलं, चादर पुन्हा पसरली आणि धागा खाली सरकवला. "डोळे मीट."