वीराची उष्टी हळद

दोरखंडाचा पहिला वेढा दगडाला बसला, तशी रुक्मिणी ओल्या हळदीची वाटी घेऊन मध्ये येऊन उभी राहिली.

"थांबा जरा."

मजूर थांबले. जुन्या शिल्पांची पाहणी करणारे सरकारी साहेब, विद्याधर, लॉरीपाशी उभे होते. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा हा कोरीव दगड पावसाळ्याआधी त्यांना दाखवला होता तो रुक्मिणीनेच. बोरिवलीपलीकडचा हा पाडा छप्पन साली ना ग्रामपंचायतीत होता, ना म्युनिसिपालटीत; साहेब म्हणून कुणी आलं ते हेच पहिले. वीरावर छप्पर घालून देतील या आशेने तिने त्यांना गूळपाणी दिलं, घोडे-तलवारी पदराने पुसून दाखवल्या. करायला गेली एक, झालं भलतंच. दगड मोलाचा ठरला, आणि मोलाची वस्तू पाड्यात कोण राहू देतो?

"हळद लावायची आहे का? लावा ना," विद्याधर म्हणाले.

"आमच्यातली पोर वीराची उष्टी हळद लागल्याबिगर बोहल्यावर चढत नाय, सायब. आधी त्याला, मग तिला. तिकडं म्युझियमात लावू देतील?"

विद्याधर खोटं बोलू शकले असते. पण माणूस सरळ होता, हेच वाईट.

"नाही, बाई. तिथे हातसुद्धा लावू देत नाहीत."

"चल गं," तिचा नवरा दशरथ खाली मान घालून म्हणाला. "झालं ते झालं."

ती हलली नाही. वीराच्या तोंडापासून घोड्याच्या टापांपर्यंत तिने हळद फासली. मग वळून हाक मारली,

"सुगंधे, इकडं ये."

तिची सात वर्षांची लेक बोरं चघळत आली. रुक्मिणीने दगडावरची हळद बोटांवर घेऊन तिच्या गालांना लावली.

"आये, माजं लगीन हाय?"

"व्हईल कधीतरी. तवा हा नसल."

दशरथने तोंड फिरवलं. शेजारीण आपल्या पोरीला घेऊन पुढे आली, तिच्यामागून दुसरी. एकीने तर झोळीतली झोपलेलीच उचलून आणली. विद्याधरांनी ड्रायव्हरला लॉरी बंद करायला सांगितली. मजुरांनी दोर खाली ठेवला.

सगळ्यात शेवटी कुंदा आली. तिला आठवा लागला होता.

रुक्मिणीने दगडावर उरलेली हळद खरवडली, पोटातल्या जिवासाठी तिच्या पदराच्या गाठीत बांधली आणि बाजूला झाली.