एसटीमागची फियाट

अकोल्याहून सकाळी साडेसातला सुटणाऱ्या अमरावतीच्या एसटीमागे कधीकधी एक पांढरी फियाट लागायची. एसटी थांबली की फियाट थांबे, एसटी हलली की फियाट हले. एका नवख्या कंडक्टरला वाटलं, कोणी साहेब पाळत ठेवून आहे. ड्रायव्हर जुना होता. तो म्हणाला, "कायचा साहेब बे! नवरा हाये तो. बायको आपल्या गाडीत बसली हाये. त्याच्या गाडीत बसत नाही ते."

नवरा म्हणजे खुशालराव. पस्तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, आता निवृत्त. बायको म्हणजे सुभद्राबाई. मूर्तिजापूरच्या स्टँडवर एसटी थांबली की सुभद्राबाई खिडकीतून हात बाहेर काढून भाकरीचं फडकं खुशालरावांच्या हातात द्यायच्या. तोंडातून शब्द नाही. राग आपल्या जागी अन् नवऱ्याचं पोट आपल्या जागी.

आता हा राग कशाचा, ते ऐका.

फियाट होती शहाऐंशी सालची. मूळचं इंजिन पेट्रोलचं. खुशालरावांनी नव्व्याण्णवमध्ये ते काढून फेकलं आणि स्वतःच्या हातानं आत डिझेलचं धूड बसवलं. जिनिंगचं मोठमोठं मशीन उघडणारा माणूस, त्याला फियाटचं काय अप्रूप! गाडी ओढायला अशी झाली की अकोल्यात चार लोक बघायला आले. पण नाकापेक्षा मोती जड. इंजिन बदललं, रेडिएटर मात्र जुनाच राहिला, एवढासा. भलं मोठं इंजिन तापायचं आणि ते चिमुकलं जाळीदार खोकं त्याला थंड करता करता मेटाकुटीला यायचं.

पंचवीस वर्षं सुभद्राबाई त्या गाडीत बसल्या त्या वीस लिटरची पाण्याची कॅन दोन पायांच्या मध्ये धरून. काटा लालात गेला की थांबा, बोनट उघडा, निवू द्या, पाणी पाजा, निघा. खुशालराव कधी उन्हाला दोष द्यायचे, कधी रस्त्याला, कधी डिझेलला. "माझं चुकलं" हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून चाळीस वर्षांच्या संसारात निघाले नव्हते. मेला तरी म्हणणार नाही, असं सुभद्राबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

मग मागच्या उन्हाळ्यात आरतीचं लग्न आलं. आरती ही सुभद्राबाईंच्या भावाची मुलगी, पण पाचवीपासून बारावीपर्यंत वाढली ती अकोल्यात, आत्याच्या घरी. खुशालराव-सुभद्राबाईंना स्वतःचं लेकरू नाही. जे काही कौतुक होतं ते या पोरीचं. लग्न अमरावतीला, सकाळचं. हे दोघं पहाटे निघाले आणि मूर्तिजापूरच्या पुढे गाडीनं जे अंग टाकलं ते टाकलंच. रबरी पाइप फाटला, होतं नव्हतं ते पाणी भसकन रस्त्यावर. दुपार होईपर्यंत सुभद्राबाई बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत पैठणी सावरत उभ्या. मांडवात पोचल्या तेव्हा आचारी कढया घासत होते आणि आरती सासरी निघून गेली होती. आत्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं तिला. तशीच गेली.

सुभद्राबाईंनी तिथं आरडाओरडा केला नाही. फक्त परत निघताना फियाटचं दार धरून म्हणाल्या, "या डब्यात आजपासून पाय ठेवला, त नावाची सुभद्रा नाही."

आणि त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या. तेव्हापासून ही वरात: पुढे एसटी, मागे फियाट.

यंदा वैशाख तोंडावर असताना आरतीचा फोन आला. मुलगा झालाय, रविवारी बारसं, बाळंतिणीचा मुक्काम माहेरीच, अमरावतीला. "आत्या, पाळण्यात बाळाले तूच घालजो."

"येतो न माय! साडेसातच्या गाडीनं येतो," सुभद्राबाई म्हणाल्या.

कूलरमध्ये पाणी भरत असलेल्या खुशालरावांच्या काळजात ते 'साडेसातच्या गाडीनं' असं काही रुतलं की पाइप हातातून सुटून त्यांचं धोतर ओलं झालं. नातवाच्या बारशालाही बायको एसटीनं आणि आपण मागून? लोक हसतात त्याचं काही नाही. पण शेजारची ती रिकामी सीट आता त्यांना बघवत नव्हती. रविवारी सुभद्रा त्या सीटवर बसलीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं. हातात सहा दिवस होते.

पहिल्या दिवशी खुशालरावांनी भंगारातून एका जीपचा रेडिएटर आणला. बसवला झकास, फक्त बोनट लागेना. चार बोटं वर. बोनट दोरीनं बांधून एक चक्कर मारली तर गल्लीतली पोरं मागे धावली. दुसऱ्या दिवशी ते एका दुकानात गेले. तिथं ॲल्युमिनियमचा तयार माल होता, चकचकीत, हलका, एका हातात उचलावा असा. दुकानदारानं तारीफ केली, पण खुशालरावांचं मन घेईना. शेवटी गाडीतला जुना रेडिएटर सोडवून काखेत मारला आणि ते जुन्या शहरातल्या नत्थुजी मिस्त्र्याकडे गेले. नत्थुजी पन्नास वर्षं रेडिएटर झाळतात, गळके सांधे डाग देऊन जोडतात. हात असे काळे की दिवाळीच्या आंघोळीलाही धुऊन निघत नाहीत.

"ॲल्युमिनियम घेऊ का जी?" खुशालरावांनी विचारलं.

"घ्या न. लवकर थंड होते, वजनाले कमी," नत्थुजी म्हणाले. "पण रस्त्यात चिरलं, त मूर्तिजापूरले कोन झाळून देईन तुमाले? तांब्या-पितळेले गावोगाव मिस्त्री भेटते. अन् त्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी एखाद्या वेळी भरा लागलं, त तांबं तरी चार दिवस तग धरन. आधी मले ह्याचं पोट पाहू द्या."

त्यांनी स्टोव्ह पेटवला, सांधा तापवला आणि वरची टाकी अलगद उचलली. उचलली आणि तसेच बघत राहिले.

आत पिवळाजर्द चिखल. निम्म्या नळ्यांची तोंडं गच्च बुजलेली.

"आयकून घ्या, खुशालभाऊ. हा रेडिएटर हाये का वरण शिजवाचं गंज?"

खुशालराव ओशाळले. "गळती बंद कराले टाकली होती हळद. एका ट्रकवाल्यानं सांगतलं होतं. पण एकदाच टाकली जी, अठरा वर्सं झाली."

"एकदाची नोहे हे. पायलीभर हाये. पी हयद अन् हो गोरी म्हणते न, तशी पाजली तुमच्या गाडीले कोनं तरी. गोरी काही झाली नाही ते, दम कोंडला बिचारीचा." नत्थुजींनी पेचकसाच्या टोकानं चिखल उकरला. त्यात लाल रेघा होत्या. आणि टोकाला चिकटून वर आली दोन-तीन भाताची शितं.

"अन् हे पाहा. भातही शिजवला."

खुशालरावांनी ते शित बोटावर घेतलं. हळद, कुंकू, अक्षता. त्यांच्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. दर दसऱ्याला आपण आपट्याची पानं आणायला जायचो आणि सुभद्रा गाडीची पूजा करायची. आपण तिला एकदा सांगितलं होतं, हळदीनं गाडीची गळती थांबते. तिनं ते गाठीला बांधलं. देवाची हळद, गाडीच्या पोटात. पंचवीस वर्षं बघून बघून झाकण उघडायचं तिला पाठ.

पण ही शितं अठरा वर्षांपूर्वीची कशी असतील? ताजी होती. परवाच्या खेपेची. म्हणजे शपथ घेतल्यावरही? खुशालरावांना आठवलं: ज्या ज्या दिवशी तिची एसटी असायची, त्या सकाळी ती ताट घेऊन गाडीपाशी जायची. आपल्याला वाटायचं, तुळशीपाशी चालली. स्वतः पाय ठेवत नाही, पण नवरा एकटा मागून येतोय, त्याला रस्त्यात काही होऊ नये म्हणून मूठ मूठ हळद टाकत होती बाई! राग धरून होती, आणि हे करत होती.

खुशालरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि स्टोव्हचा धूर फार होतो म्हणाले. स्टोव्ह केव्हाच विझला होता.

नवा तांब्याचा कोर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, ठरला. दोनऐवजी तीन ओळींचा, उंची तीच म्हणजे बोनट लागेल. आणखी एक दोष नत्थुजींनी गाडीपाशी येऊन दाखवला. इंजिन बदलताना पंखा जाळीपासून आठ बोटं मागे गेला होता, तो बोनटातलीच गरम हवा घुसळत बसायचा. त्याला पत्र्याचं कडं करून जाळीला भिडवलं. शुक्रवारी गाडी भर दुपारी बार्शीटाकळीपर्यंत नेऊन आणली. काटा मध्यावर आला आणि शहाण्यासारखा तिथंच बसून राहिला.

"आता एक करा," निघताना नत्थुजी म्हणाले. "घरी सांगून द्या. ह्या नळ्या बारीक हायेत. चिमूटभर हयद गेली, त पुन्हा हेच गाणं."

सांगून द्या! सांगणं सोपं असतं का हो? तिला सांगायचं, की आरतीची पाठवणी ज्या गाडीनं चुकली, तिचा गळा तुझ्याच हळदीनं दाबला होता? बाई उरलेला जन्म स्वतःला खात बसली असती. खुशालरावांनी जुना, चिखलानं बुजलेला कोर पोत्यात गुंडाळला आणि कूलरच्या मागे दडवला.

"काय निंगालं?" सुभद्राबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"क्षार. खाऱ्या पाण्याचा. मीच भरलं होतं तिकडच्या हापशीचं." खुशालरावांनी घास घेतला, वर घोटभर पाणी घेतलं आणि ताटाकडे बघत म्हणाले, "माहं चुकलं."

सुभद्राबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्या एक भाकर जास्त वाढून आत गेल्या.

रविवार उजाडला. सात वाजता खुशालराव फियाट पुसून, दार उघडं ठेवून उभे होते. सुभद्राबाई बाहेर आल्या त्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पूजेचं ताट घेऊन.

"गाडी आता तापत नाही," खुशालराव म्हणाले. "परवा बार्शीटाकळीले जाऊन आलो."

"झाकण उघडा."

"कायचं झाकण?"

"रेडिएटरचं. नवा हाये न? हयद टाकतो. मंग पाहू बसाचं का नाही ते."

घ्या! आता आली का पंचाईत? नाही म्हणावं तर ती चालली एसटीला. का नाही, ते सांगावं तर तिच्या जिवाला जन्माचा घोर. आणि टाकू द्यावी तर सहा दिवसांची मेहनत, नत्थुजीचं तांबं, सगळं मातीत. खुशालराव बोनटावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी बोनट उचललं आणि झाकण फिरवून काढलं.

"टाक."

"किती टाकू?"

"तुले वाटते तेवढी टाक."

सुभद्राबाईंनी मूठभर हळद घेतली. मूठ त्या तोंडावर धरली. खुशालरावांनी त्या नव्या तांब्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. पण ना म्हणाले नाहीत.

मूठ उघडलीच नाही. सुभद्राबाईंनी हळद परत ताटात टाकली, एक बोट झाकणाला टेकवलं, एक बोनटाला, वर कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "लावा ते झाकण. बह्याड हा का तुमी?"

"काऊन? काय झालं?"

"तुमी माहं चुकलं म्हणले, तवाच मले समजलं का काही तरी गडबड हाये. चाळीस वर्सांत नाही म्हणले, अन् हापशीच्या पाण्यासाठी म्हणता? कूलरच्या मांगं पोतं पायलं मी. शितं दिसली मले." त्यांनी ताटातली हळद बोटानं सारखी केली. "म्हणजे आरती माह्याच हयदीनं..."

"नाही वं!" खुशालराव अशा जोरात म्हणाले की तुळशीवरची चिमणी उडाली. "इंजिन एवढं मोठं घातलं, रेडिएटर तेवढाच ठेवला, ते कोनं केलं? मी. पंखा आठ बोटं मांगं गेला, ते कोनाले दिसाले पायजे होतं? फिटर मी होतो का तू? हयद त मांगून आली. खरंच माहं चुकलं, सुभद्रा. हे हापशीचं नाही, हे खरं सांगून रायलो."

सुभद्राबाईंनी पदरानं नाक पुसलं. "अन् तरी मले टाकू देत होते?"

"हो."

"नवाकोरा रेडिएटर गेला असता."

"गेला असता त नत्थुजीनं दुसरा केला असता. तू एसटीत गेली, त मी दुसरी कुठून आणू?"

सुभद्राबाईंनी ताट ओट्यावर ठेवलं, पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. सवयीनं त्यांचे पाय फाकले, मधे कॅन यायची जागा ठेवून. कॅन नव्हती. त्यांनी एकदा खाली वाकून बघितलं आणि मग पाय लांब केले, पार पुढपर्यंत, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

खुशालरावांनी गाडी सुरू केली. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांना राहवेना. "अवं, पण तू म्हणली होती न, पाय ठेवला त नावाची सुभद्रा नाही म्हणून?"

"मंग काय झालं? बारशालेच चाललो न आपण," सुभद्राबाई म्हणाल्या. "पोट्ट्याचं ठेवलं का माहंही ठेवून देऊ दुसरं. तुमी समोर पाहा."

मूर्तिजापूरला पोचले तेव्हा साडेसातची एसटी मागे राहिली होती. फियाट स्टँडवर थांबली नाही. सुभद्राबाईंनी भाकरीचं फडकं मांडीवर उघडलं आणि चालत्या गाडीतच एक घास मोडून नवऱ्याच्या तोंडात दिला.