बाहेर एक जास्त

त्या मोकळ्या जागेवर मॉल व्हायचा होता. परवानगीआधी तिथली झाडं, पाणी, हवा, रहदारी असं सगळं कागदावर यावं लागतं. झाडं-पाणी दुसऱ्यांकडे होतं. माणसं मोजायचं काम तिच्याकडे. ऑफिसात तिला मोजणीबाईच म्हणत.

जागेला चारी बाजूंनी उंच भिंत. उत्तरेला भिंतीत एक खिंडार, दक्षिणेला दुसरं, आणि मधून लोकांच्या पायांनी पडलेली वाट. उत्तरेला मोजणीबाई बसली, दक्षिणेला मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून ते हे काम करायचे. प्रत्येकाकडे दोन मोजयंत्रं: माणूस आत गेलं की डाव्या हातातलं दाबायचं, बाहेर आलं की उजव्या हातातलं.

पहिल्या संध्याकाळी दोघांनी बेरीज केली. आत गेलेले दोनशे बारा. बाहेर आलेले दोनशे तेरा.

"कुणीतरी आपल्याआधी आत जाऊन बसलं असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसण्याआधी दोघं आतून फिरून आले. घोट्याएवढं वाळकं गवत, लपायला दगडसुद्धा नाही. संध्याकाळी आत एकशे अठ्ठ्याण्णव, बाहेर एकशे नव्व्याण्णव. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोकं बदलून पाहिली. पुन्हा एक जास्त.

तिने ऑफिसातल्या साहेबांना फोन केला.

"एकाचा फरक?" साहेब हसले. "एवढा तर शिंक आली तरी पडतो. समान करून टाक आणि मोकळी हो."

तिला ते जमेना. चौथ्या दिवशी दोघं आपापल्या मूळ जागी बसले. दुपारी वाट रिकामी होती तेव्हा तिने स्वतःसाठी डावं बटण दाबलं आणि आत शिरली. आरपार जायला सात मिनिटं लागतात. निम्म्या वाटेवर तिला आपल्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला. ती थबकली. आवाज येत होता, पण पुढून, लांबून, दक्षिणेकडे जाणारा.

ती जवळजवळ पळतच बाहेर आली. मास्तर उभे होते. चेहरा पांढराफटक.

"तू आत्ताच तर गेलीस."

"कुठे?"

"माझ्यासमोरून. मी हाक मारली, 'काय गं, मोजणी सोडून कुठे?' तू वळून पाहिलंस. बोलली नाहीस. सरळ बसथांब्याकडे गेलीस." त्यांनी उजवा हात पुढे केला. "मी बटण दाबलं, पोरी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मास्तरांनी पाणी दिलं. अर्ध्या तासाने तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"हा माझ्या सुनेचा फोन, ती घरी आली तर तिच्याकडे दिसला नाही, म्हणून लावला. कोण बोलतंय?"

"मीच, आई."

सासूबाई एकदम हळू म्हणाल्या, "मग आत कोण झोपलंय?"

"आई, त्या खोलीचं दार उघडू नका. चपला घाला आणि खाली जिन्यात जाऊन बसा. मी आले."

ती पोहोचली तेव्हा सासूबाई शेजारणीचा हात धरून पायरीवर बसल्या होत्या. तिला पाहून उठल्या नाहीत, आधी नखशिखांत न्याहाळलं. "ती चपला घालूनच घरात आली," त्या म्हणाल्या. "मी रागावले, तर नुसती बघत राहिली. तू कधी अशी बघत नाहीस."

खोलीत कुणी नव्हतं. खिडकी आतून बंद. चादरीवर माणूस निजल्याचा खळगा होता. मोजणीबाईने हात लावला. चादर थंडगार होती, उन्हाळ्यात लागायला नको इतकी. त्या दोघींनी गादी बाहेर काढली ती परत आत आणली नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात जनसुनावणी झाली. लोक पार्किंगबद्दल बोलले, सांडपाण्याबद्दल भांडले. अहवालात साहेबांनी आकडे समान केले होते. तिची पाळी आली तेव्हा तिने स्वतःच्या वहीतले वाचले. साहेब दात-ओठ खात खाली बस म्हणत राहिले. तिने घरी घडलेलंही सांगितलं.

सभागृहात कुणी हसेल असं तिला वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

मागच्या रांगेतला शिंपी उठला. "आठ वर्षांपूर्वी माझी बायको त्या वाटेने आली. मी तिला जेवायला वाढलं. अर्ध्या तासाने परत दार वाजलं, तर बाहेर तीच. आत वळून पाहिलं, तर पाटावर कुणी नाही."

"मग?" सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मग काय साहेब. जी राहिली तिच्याशी संसार करतोय."

आता मात्र दोघे-तिघे हसले, आणि लगेच गप्प झाले. एका बाईने हात वर केला. मग आणखी चौघांनी. कुठल्याच सरकारी अर्जात असल्या गोष्टीला रकानाच नव्हता, म्हणून इतकी वर्षं कुणी लिहून दिलं नव्हतं. एकटं त्या वाटेने जायचं नाही, एवढं त्यातल्या प्रत्येक घराने आपापलं ठरवून टाकलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. साहेबांकडे वळून म्हणाले, "मॉलमध्ये रोज किती माणसं येतील, म्हणालात?"

"अठरा हजार," साहेब म्हणाले. म्हणताना त्यांचाच आवाज खाली गेला.

अध्यक्षांनी फाइल बंद केली. परवानगी मिळाली नाही. नाकारल्याचं कारण कागदावर 'अपुरी माहिती' असं आलं. मोजणीबाईची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मास्तरांनी आपणहून सोडली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी, भर सकाळी, लोकांनी कुणाला न विचारता दोन्ही खिंडारं बुजवायला घेतली. शिंप्याने विटा आणल्या, मोजणीबाईने माल कालवला. आत कुणी नाही ना, हे मास्तर आणखी दोघांना बरोबर घेऊन दोनदा पाहून आले. दक्षिणेकडची शेवटची रांग लागत आली तेव्हा शिंप्याची बायको गर्दीतून पुढे झाली. एरवी ती कुणाशी फारसं बोलत नसे.

"एक वीट राहू द्या," ती म्हणाली.

"कशाला गं?" शिंप्याने विचारलं.

"माझं कुणीतरी आत आहे."

शिंप्याने हातातली वीट बराच वेळ तशीच धरली, मग खाली ठेवली. तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली.