सिगारमधली गाठ

उमाशंकर मेंगशेट्टी जहाजावरची बत्तीस वर्षांची नोकरी संपवून जळकोटला परत आला, तेव्हा त्याच्या सामानात एक लाकडी पेटी होती. पेटीत बारा सिगार होते. क्युबातले, हातानं वळलेले, निरोपाच्या दिवशी कप्तानानं स्वतः दिलेले. हा कप्तान संध्याकाळी डेकवर सिगार पेटवायचा आणि इंजिनरूममधून वर आलेल्या उमाशंकरला समोर बसवून त्या धुरात काय काय आहे ते सांगायचा. आधी चामडं, मग कॉफी, शेवटी मिरी. दोनचारदा त्यानं उमाशंकरलाही अर्धा सिगार दिला. उमाशंकरला त्यात नुसता धूरच लागला, पण तो मान डोलवायचा आणि खोलीत आल्यावर कप्तानाचे शब्द वहीत उतरवून ठेवायचा.

जळकोटला पेटी सांभाळणं सोपं नव्हतं. सिगार वाळले की संपले, असं कप्तानानं बजावलं होतं. उमाशंकरनं पेटीत ओला स्पंज ठेवला, ओलावा मोजायचं यंत्र ठेवलं आणि उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर पेटीच्या खोलीत नेऊन लावला. त्याची बायको शिवम्मा आल्यागेल्याला सांगायची, की आमच्यात माणसं घामानं भिजतात आणि विड्या गारव्याला निजतात. घरात एकही पेटवायची नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दीड वर्ष झालं तरी बाराच्या बारा तसेच होते.

खरी अडचण शिवम्माची नव्हती. सिगार एकट्यानं ओढायचा नसतो, त्यावर बोलणारं कुणीतरी समोर लागतं, असं उमाशंकरचं मत होतं. गावात बोलायला माणसं पुष्कळ होती, पण सोयाबीन आणि हायवेवरचे अपघात यांच्यापलीकडं कुणी जात नव्हतं. तो जहाजाच्या गोष्टी सांगायला लागला की लोक ऐकून घेत आणि शेवटी तिकडं जेवायला काय मिळायचं एवढंच विचारत.

जानेवारीत हुरडा आला, तेव्हा त्यानं शाळेतल्या दोन मित्रांना शेतात बोलावलं. एक हिंमतराव, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. दुसरा ईरण्णा, त्याची नळदुर्गला धान्याची आडत. दोघांना फक्त हुरड्याचं सांगितलं होतं. हुरडा भाजायला शेजारच्या शेतातल्या द्वारकाबाई आल्या होत्या. वय सत्तरीचं, पण आगटीतलं कणीस कधी बाहेर काढायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं यथास्थित झालं. दोघं मित्र खाटेवर पाय पसरतात न पसरतात तोच उमाशंकरनं पिशवीतून पेटी काढली, एक सिगार हातात घेतला आणि दोघांना एकेक कागद आणि पेन्सिल दिली. तो म्हणाला की आज आपण याची परीक्षा करायची. धूर गिळायचा नाही, तोंडात खेळवायचा. जी चव लागेल ती लिहायची. शेवटी शंभरपैकी गुण द्यायचे.

गुणांचं नाव काढल्यावर हिंमतराव उठून ताठ बसला. त्यानं कागदाला समास सोडला आणि वर तारीख घातली.

आधी न पेटवता वास घ्यायचा होता. ईरण्णानं सिगार नाकाखालून एकदा फिरवला. चाळीस वर्षं पोत्यात हात घालून माल ओळखणारं नाक होतं ते. तो म्हणाला, पावसाळ्यात पोत्यांची थप्पी हलवली की तळाशी जो वास येतो, तसा आहे. उमाशंकरला इतका आनंद झाला की त्यानं त्याची पाठ थोपटली आणि स्वतःच्या वहीत ‘ओली माती’ असं लिहिलं. हिंमतरावनं बराच वेळ हुंगलं आणि भिजलेलं दप्तर, असा निकाल दिला. उमाशंकरनं लिहिलं, ‘चामडं.’ दीड वर्षात त्याचा इतका चांगला दिवस गेला नव्हता.

मग त्यानं छोट्या कात्रीनं टोक कापलं, सिगार फिरवत फिरवत पेटवला आणि पहिला झुरका मारला. गाल आत गेले, डोळे मिटले. बाहेर फारसं काही आलं नाही. त्यानं सिगार हिंमतरावकडं दिला.

हिंमतरावनं सगळा जोर लावून ओढलं. कानशिलावरची शीर फुगली. तोंडात काहीच आलं नाही. पण मित्रानं एवढ्या लांबून आणलेली वस्तू, आणि त्यात आपल्याला काही लागत नाही हे मुख्याध्यापकानं कसं कबूल करावं? त्यानं जरा विचार केल्यासारखं केलं आणि कागदावर ‘खारीक’ असं लिहिलं. ईरण्णानं ओढून पाहिलं, हिंमतरावच्या कागदाकडं तिरकं पाहिलं आणि ‘मेथ्या’ लिहिलं. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याला धूर मिळाला. उमाशंकरलाही तेच वाटलं. आपली छाती आता म्हातारी झाली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. वर मित्रांना समजावलं की हा उतावळ्या माणसाचा धूर नव्हे, याला वेळ द्यावा लागतो.

अर्धा तास असा गेला. सिगार सहा वेळा विझला. काडेपेटी संपत आली. हिंमतरावच्या कागदावर सुपारी, कापूर आणि जळका पापड एवढं जमा झालं होतं. ईरण्णाला नवीन काही सुचत नव्हतं म्हणून त्यानं दुकानातला माल क्रमानं लिहायला घेतला होता आणि तो मेथ्यांवरून धन्यांवर आला होता.

द्वारकाबाई आगटीपाशी बसून हे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, “त्यातनं धूर येतच न्हाय. तुमी तिघं मघापासनं नुसते गाल आत वडीत बसलाव.”

हिंमतराव कागदाकडं बघत राहिला. मग ईरण्णा हळूच म्हणाला, “मला तर पहिल्यापासनं काहीच लागलं न्हाय.” हिंमतरावनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला की त्यालाही नाही.

“मग ती खारीक?” उमाशंकरनं विचारलं.

“तू एवढ्या हौसेनं इचारलं म्हणून लिहिली.”

द्वारकाबाईंनी सोलापुरात तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या विड्यांचा या सिगारशी काही संबंध असेल असं तिघांच्याही मनात आलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले, सिगार मागून घेतला आणि कानाजवळ धरून दोन बोटांत हलकेच फिरवला. मधे एका जागी बोटं थांबली.

“हितं गाठ हाय,” त्या म्हणाल्या.

ईरण्णाच्या गाडीत पोती शिवायचं दाभण होतं. त्यानं ते आणायची तयारी दाखवली. द्वारकाबाई म्हणाल्या की दाभणानं भोक पडेल, गाठ जाणार नाही. उकलावं लागेल. उमाशंकरनं पेटीवर हात ठेवून सांगायला सुरुवात केली की हे असं उकलायचं नसतं, याचं वरचं पान फार नाजूक असतं, ते वळायला शिकण्यातच तिकडच्या माणसांची वर्षं जातात. त्याचं सांगून होईपर्यंत द्वारकाबाईंनी बोटं पाण्यात बुडवून वरचं पान सोडवलं होतं आणि ते कुठंही न फाटता त्यांच्या मांडीवर पसरलं होतं. उमाशंकरनं तोंड फिरवलं. हिंमतराव मात्र सरकून जवळ आला.

आतली पानं त्यांनी ताटात एकेक करून मांडली. मधोमध पानाची एक जाड शीर निघाली, पीळ बसून घट्ट झालेली, करंगळीच्या पेराएवढी.

“शीरच काढली न्हाय,” त्या म्हणाल्या. “आमच्या चेकरनं विड्यांचा आख्खा कट्टा फेकला आसता.”

शीर काढून त्यांनी पानं पुन्हा जुळवली आणि मांडीवर वळायला घेतलं. बोटं इतकी झरझर चालली की ईरण्णानं नंतर नळदुर्गात हे सांगताना दरवेळी हात हलवून दाखवलं आणि एकदाही त्याला ते जमलं नाही. टोक चिकटवायला डिंक नव्हता म्हणून गुळाचं पाणी लावलं. तरी भरवसा वाटेना, तेव्हा पदराचा एक लाल दोरा तोडून सवयीनं गाठ मारली. क्युबाचा सिगार लाल दोरा बांधून परत आला, मूळच्यापेक्षा थोडा बारीक आणि थोडा आखूड.

उमाशंकरनं शेवटून दुसरी काडी ओढली. पहिल्याच झुरक्याला तोंडभर धूर आला. निळसर, जड, सावकाश वर जाणारा. तो डोळे मिटून बसला. चामडं म्हणाला नाही, कॉफी म्हणाला नाही, वहीही उघडली नाही. बऱ्याच वेळानं फक्त “हं” म्हणाला आणि सिगार पुढं केला.

हिंमतरावला इतका वेळ जोर लावायची सवय झाली होती. त्यानं तशाच जोरानं ओढलं आणि धूर गिळायचा नाही हे विसरून सगळा आत घेतला. मग उठला, उभ्या ज्वारीत शिरला आणि बराच वेळ फक्त त्याचा आवाज येत राहिला. परत आला तेव्हा चेहरा हुरड्याच्या रंगाचा झाला होता. त्याला खाटेवर आडवं केलं आणि उरलेलं दही पाजलं.

ईरण्णा सावध झाला होता. त्यानं थोडाच धूर घेतला, तोंडात फिरवला आणि सोडला. उमाशंकरनं विचारलं काय लागलं. ईरण्णानं मनापासून विचार केला.

“चांगला हाय,” तो म्हणाला. “पण काय चांगलं हाय ते सांगता येईना.”

उमाशंकरनं हे जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. गुणांचं विचारल्यावर खाटेवरून हिंमतरावनं डोळे न उघडता पस्तीस सांगितले. त्यातले पंधरा द्वारकाबाईंच्या दोऱ्याला होते.

आता उमाशंकरला उरलेल्या अकरांची काळजी लागली. त्यानं पेटी द्वारकाबाईंपुढं ठेवली आणि तपासायला सांगितलं. तीस वर्षं त्या विड्या जमा करायच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या होत्या. पलीकडं चेकर बसायचा. तो विडी हातात घ्यायचा, न बघताच बाजूला टाकायचा आणि म्हणायचा, छाट. छाट निघालेल्या विडीची मजुरी मिळत नसे आणि विडीही परत मिळत नसे. एकदा शिवगंगा नावाच्या त्यांच्या मैत्रिणीनं विचारलं होतं की या छाट विड्या जातात कुठं, तर दुसऱ्या दिवशी तिच्या निम्म्या विड्या छाट निघाल्या.

त्यांनी एकेक सिगार कानाशी नेऊन फिरवला. तीन उजवीकडं ठेवले, आठ डावीकडं. डावीकडचा ढीग वाढत गेला तसा उमाशंकर प्रत्येकासाठी भांडायला लागला. हा तर किती सरळ आहे, याचा रंग बघा, हा एवढा सोडून द्या. द्वारकाबाईंना मनातून फार बरं वाटलं. त्यांनी चेकरसारखीच मान हलवली आणि शेवटचा सिगार न बघता डावीकडं टाकला.

मग त्या दोन्ही ढिगांकडं बघत राहिल्या आणि सगळे सिगार परत एकत्र करून पेटीत भरले.

“छाट म्या काढणार न्हाय,” त्या म्हणाल्या. “आठबी एकाच बाईच्या हातचे हायत. तिचं काय दुखत आसंल त्या दिशी. दुरुस्त करून देते.”

उमाशंकरला वाईटही वाटलं आणि बरंही. त्यानं मोबाइल काढून तिकडच्या कारखान्याचा एक फोटो दाखवला. लांब हॉल, बाकांच्या रांगा, खाली माना घालून वळणाऱ्या बाया. द्वारकाबाईंनी विचारलं की एक बाई दिवसाला किती वळते. तो म्हणाला, शंभर, फार तर सव्वाशे.

“दिवसाला?”

“दिवसाला.”

“आमी हजार वळायचो,” द्वारकाबाई म्हणाल्या. “सैपाकपाणी करून. मंग शंभरात गाठ ऱ्हातीच कशी?”

उमाशंकरनं फोटो मोठा करून दाखवला. त्यात पुढच्या बाजूला उंच खुर्चीवर एक माणूस कागद घेऊन बसला होता, त्याच्याकडं द्वारकाबाईंचं लक्ष गेलं. हा चेकर का, असं त्यांनी विचारलं. उमाशंकरनं सांगितलं की हा वाचणारा. कामाचा कंटाळा येऊ नये म्हणून तो सगळ्यांना सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतो, नंतर कादंबरी.

“म्हंजी गोष्ट?”

“व्हय, गोष्ट.”

द्वारकाबाईंनी फोटो जवळ घेऊन पुन्हा पाहिला.

“मंग बराबर हाय,” त्या म्हणाल्या. “गोष्टीत कुणीतरी मरायला टेकलं आसंल. शीर काढायचं ध्यान ऱ्हातंय व्हय मग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी उमाशंकर पेटी आणि सोलापूरचं वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या शेतात गेला. द्वारकाबाई ताट मांडीवर घेऊन सिगार उकलायला बसल्या आणि तो समोर बसून वाचायला लागला. राजकारण त्यांनी गाळायला लावलं. बाजारभावही गाळायला लावले. धाराशिवच्या कोर्टात सासू-सुनेच्या एका भांडणाची तारीख होती, ती बातमी त्यांनी दोनदा वाचून घेतली. सून साक्षीत नेमकं काय म्हणाली इथं उमाशंकर आला, तेव्हा त्यांची बोटं थांबली आणि पान हातातच राहिलं.

बातमी तिथंच संपली होती. पुढं काय झालं ते पेपरात नव्हतं. द्वारकाबाईंनी सांगितलं की उद्याचा पेपर घेऊन या, आणि येताना शिवम्मालाबी आणा, तिला सासवांचं बरंच माहीत आहे. त्या दिवशी दोनच सिगार दुरुस्त झाले.