साकवाचे अकरा लाख

"देवानं कौल दिलान, पैसा गावाबाहेर जायाचा नाय," सरपंच श्रीपतीतात्या म्हणाले आणि पानाचा तोबरा सावरत खुर्चीत रेलले.

"चालेल," ग्रामपंचायतीचा लिपिक काशीराम म्हणाला. "तेवढी देवाची सही आणा, तात्या. ऑडिटला लावतो."

हे बोलायला काशीराम एकोणीस वर्षं थांबला होता. त्याची वाडी पऱ्यापलीकडे, ओढ्याच्या त्या अंगाला. तिथे जायला साकव, म्हणजे लहानसा पूल, बांधावा म्हणून सरकारने चार लाख दिले, तेव्हाही सरपंच हेच. पलीकडची मतं आपल्याला पडत नाहीत म्हणून तात्यांनी पैसे बँकेत कुजवले. त्याच पावसात काशीरामच्या बायकोला विषारी फुरसं चावलं. पऱ्याचं पाणी उतरेपर्यंत चार गडी डोली घेऊन काठावर उभे राहिले. उतरलं, तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

तेव्हापासून काशीराम तात्यांशी इतका गोड बोलू लागला, की दोघांच्या मधल्या टेबलावर मुंग्या लागत. साकवाची फाइल मात्र त्याने अशी राखली, की दप्तरातली वाळवीसुद्धा तिला वळसा घालून जाई. पैसे व्याजासकट अकरा लाख झाले. तात्यांना त्यातून वडिलांच्या नावाची कमान सुचली आणि त्याच आठवड्यात वरून पत्र आलं: जुना अखर्चित निधी व्याजासह शासनाच्या तिजोरीत भरा, नाहीतर सरपंचाकडून वसुली.

आता तात्यांनी देवाचा कौल पुढे केल्यावर काशीरामने ते पत्र चवीने वाचून दाखवलं. 'वसुली' म्हणून झाल्यावर पाणी प्यायला थांबला. मग सातबाऱ्यावर बोजा कसा चढतो, तात्यांच्या दोनशे आंबा-कलमांचा लिलाव कुठल्या झाडापासून सुरू होतो, हे असं रंगवून सांगितलं, की तात्यांच्या तोंडातलं पान रंगायचं थांबलं.

त्यांनी चेकवर पेन टेकवलं, पण सही होईना.

"काशीराम, साकवच बांधू. तुझ्याच वाडीला. थोडी मुदत मागून घे."

मुदत मागण्याचं पत्र ग्रामसेविका शमिकाने सकाळीच लिहून ठेवलं होतं. फक्त जावक क्रमांक टाकायचा होता. काशीरामने ते खणात सारलं आणि खण लावला.

"सही करा, तात्या. मला रत्नागिरी गाठायचीय."

पैसे भरून तो परतला तेव्हा पऱ्याला मांडीभर पाणी होतं. काठावर शेजारची गोदा रेशनचा तांदूळ घेऊन उभी होती.

"तात्याची जिरवलात म्हनं, भावजी. बेस केलात," ती म्हणाली. "मंग आता साकव कदी?"

काशीरामने तिची पिशवी डोक्यावर घेतली, आणि तळ चाचपत आधी आपण पाण्यात उतरला.