नकारघंटेचा पाठिंबा

प्रोग्रामिंगच्या त्या भाषेत काही नवं आणायचं, तर पाच जणांच्या समितीसमोर प्रस्ताव ठेवावा लागे आणि त्या पाचांतलाच एक जण पाठीराखा म्हणून गाठावा लागे. तिची मागणी तशी एवढीशी होती. ती बस डेपोसाठी प्रोग्राम लिही. प्रत्येक चालकाच्या फेऱ्यांची यादी वेगळी. त्या सगळ्या उघडून एक सलग यादी करायला एका लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांच्या, पोटात दुसरा लूप घालावा लागे, आणि त्यांचा क्रम कोणीतरी हमखास चुकवी. त्यापेक्षा यादीच्या नावाआधी एक चांदणी (*) काढली की याद्या उघडाव्यात, एवढंच तिचं म्हणणं. पण प्रस्ताव दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला की विषय कायमचा बंद.

चौघांनी वेळ नाही म्हणून हात वर केले. उरले ते समितीतले सर्वांत ज्येष्ठ. त्यांना सगळे पाठीमागे 'नकारघंटा' म्हणत.

"मला ही चांदणी पटलेली नाही," ते फोनवर म्हणाले, "पण पाठीराखा होतो."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" नवरा म्हणाला. धास्ती तिलाही होतीच.

पण त्या माणसाने चार महिने स्वतः राबून तिलाही घाम फोडला. ते विचारत, यादी रिकामी असली तर? एखाद्या चालकापुढे यादीऐवजी नुसतं 'रजा' लिहिलेलं असलं तर? तिने करून पाहिलं. चांदणीने तो शब्द फोडला, अक्षरं सुटी केली आणि बिनदिक्कत फेऱ्या म्हणून मोजली. तिच्याच डेपोत रोज दहा जण रजेवर असत! ती ओशाळली. तिने नियम बदलला: यादी नसेल तिथे थांबायचं आणि कुठे अडलं ते सांगायचं.

निकाल लागला. तीन विरुद्ध दोन, प्रस्ताव मंजूर. तिसरं मत देणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, 'शब्द फुटण्याचा धोका मिटला, म्हणूनच या वेळी होकार.' विरोधातलं एक मत नकारघंटांचं होतं. 'प्रस्तावात खोट नाही. गरज मात्र अजूनही वाटत नाही.'

तिने तडक फोन लावला.

"अहो, ते रजेचं तुम्ही दाखवलंच नसतं, तर आज तुमच्या मनासारखं झालं असतं!"

"ते मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "म्हणून काय तसंच राहू द्यायचं होतं?"