आतल्या बाजूचा पॅड

मिस्त्रींना लोक पाठीमागे ‘मिलिमीटर’ म्हणायचे. ब्रेक दाबल्यावर जरा कुठे चिरचिर झाली की गिऱ्हाईक घाबरून गॅरेज गाठायचं. मिस्त्री चाक काढून ब्रेकचे पॅड मोजत आणि सांगत, “पाच मिलिमीटर आहेत अजून. तीनवर आले की या. धूळ बसलीय, तेवढी साफ करून देतो.” अशाने धंदा चालतो का? फारसा चालत नव्हताच. पण मिस्त्रींनी ‘बदला’ म्हटलं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे विचारायला गेलं, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. बायको गेल्यानंतरची सहा वर्षं त्यांनी या एका समाधानावर ढकलली होती. आणि खरं सांगायचं तर ते पुरत नव्हतं.

मुलगी चार तासांच्या रस्त्यावर राहायची. बाबांशिवाय आपल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, असं ती ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगे. त्यामुळे यायची ती गाडीच्या निमित्तानेच, वर्षातून दीडदा. दुसऱ्या खेपेला चहासुद्धा न घेता पळायची, म्हणून मिस्त्री ती खेप अर्धीच धरत.

ती आली की हे लगेच जॅक लावून खाली शिरत. बाप गाडीखाली आणि लेक उभी, अशा त्यांच्या गप्पा. मिस्त्रींना तिचे बूट तेवढे दिसत.

“जेवता ना वेळेवर?” बूट विचारत.

“जेवतो. तो बारा नंबरचा पाना दे.”

अशाच एका खेपेला त्यांनी पुढचं डावं चाक उतरवलं. नवा पॅड असतो अकरा-बारा मिलिमीटरचा. बाहेरचा साडेसात भरला, आतला सात. निदान वर्षभर तरी बघायला नको होतं. प्रत्येक गाडीचं वेगळं पान असलेल्या जुन्या वहीत त्यांनी हे आकडे नेहमीसारखे लिहिले. मग तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“तीन महिने जातील. मग बदलावे लागतील.”

“एवढे झिजले?” ती खाली वाकली. “चांगला जाड दिसतोय की.”

“दिसतोय तो बाहेरचा. आतला आधी झिजतो, आणि तो असा दिसत नाही.”

आतला बहुतेक वेळा आधी झिजतो हे खरंच होतं, म्हणून तर थाप इतकी बेमालूम बसली. ती गेल्यावर मिस्त्रींनी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या रविवारी खूण केली. रात्री मात्र अर्ध्या ताटावरून उठले.

एक गोष्ट ते साफ विसरले होते. ब्रेकशी खेळ करायचा नाही, हे लेकीला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती रोज दोन मुलांना त्या गाडीतून शाळेत सोडायची. ती कशाला तीन महिने थांबते? तिसऱ्याच आठवड्यात तिने जवळच्या गॅरेजात गाडी नेली आणि दुपारी फोन केला.

“बाबा, इथल्या माणसाने दोनदा मोजलं. आतलेसुद्धा सात आहेत.”

मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

“रागावू नका, पण तुमची नजर कमी झालीय. आज जाडाला बारीक म्हणालात. उद्या बारीकला जाड म्हणालात तर कुणाचा तरी जीव जाईल. आता गॅरेज बंद करा.”

हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. म्हातारा माणूस, चुकला, कोण नावं ठेवणार? पण गॅरेज बंद झालं तर सकाळी उठून जायचं कुठे? आणि नाही म्हणायचं तर पुढचं सगळंच बोलावं लागणार होतं. तसलं काही त्यांनी बायकोलाही कधी ऐकवलं नव्हतं. मिस्त्रींनी वही पुढे ओढली.

“नजर शाबूत आहे माझी. तुझं पान उघडलंय समोर. बाहेरचा साडेसात, आतला सात. त्याच दिवशी लिहिलंय.”

“मग तीन महिने का म्हणालात?”

“सात सांगितलं असतं, तर तू पुढच्या वर्षी आली असतीस.” त्यांनी वही मिटली. “मला इथे एकट्याला करमत नाही गं.”

ती “ठेवते” म्हणाली आणि फोन बंद झाला.

चार दिवस फोन नाही. मिस्त्रींनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. शब्दाची पत गेली ती गेली, आता लेकही गेली, असंच ते धरून चालले. एका गिऱ्हाइकाचे पॅड त्यांनी चारदा मोजले, तरी आकडा सांगताना जीभ अडखळली.

रविवारी सकाळी तिची गाडी दारात उभी राहिली. मिस्त्री सवयीने जॅक ओढत निघाले.

“जॅक राहू द्या, बाबा,” ती उतरता उतरता म्हणाली. “गाडीला काही झालेलं नाही.”

आता हातांचं करायचं काय, ते त्यांना कळेना. गॅरेजात बसायला एकच स्टूल होतं. ते तिच्याकडे सरकवून ते स्वतः जुन्या टायरवर बसले. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर. दारातून ऊन येत होतं आणि त्यात तिचा चेहरा नीट दिसत होता. कानशिलाजवळची चांगली बोटभर बट पांढरी झाली होती.

“हे कधी झालं?” त्यांनी विचारलं.

तिने बटेवरून हात फिरवला.

“झाली तीन-चार वर्षं,” ती म्हणाली. “तुम्ही गाडीखाली होतात.”